पाज्याच्या बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका

जूनच्या अखेरीस हिमाचलात पाऊस पोहोचतो. चर खणायला हातात थोडेच दिवस आहेत. बाकीची कामं रेंगाळली तरी चालेल, हे रेंगाळायला नको.

हिमाचलात पाजा, उत्तराखंडात पय्यां, वैद्यांकडे पद्मकाष्ठ. झाड एकच, हिमालयातली रानचेरी. १२०० ते २४०० मीटर उंचीच्या जंगलांत ती वाढते, तीही बहुतेक उतारावर. खळग्यात, साचल्या पाण्यात धड वाढलेला पाजा मी तरी पाहिलेला नाही. आपण मात्र चेरीच्या कलमासाठी पाज्याचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांसह खालचं रोप) घेतो आणि लावतो नेमका पायरीशेताच्या आतल्या अंगाला, वरच्या बांधाखाली, जिथं पावसाळाभर झिरपा सुरू असतो. वर खोलगट आळं करतो. त्यात पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात, बुंधा कुजतो.

ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली की धावाधाव होते. दुकानदार ‘मुळांचं टॉनिक’ देतो. बुडणाऱ्याला खाऊ घालण्यातला प्रकार! ती बाटली घेऊ नका, त्या पैशात चर खणायला दोन माणसं लावा. गुडघ्यावर बसून बुंध्याची माती बाजूला सारा, नखानं साल खरवडा. आत हिरवट-पांढरी असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि आंबूस वासाची असेल तर कूज लागली. निव्वळ डिंकाचा थेंब दिसला म्हणून घाबरू नका, जखमेतूनही डिंक येतो.

आळं मोडून बुंध्याशी मातीचा उंचवटा करा, पण कलमाचा सांधा मातीबाहेरच राहू द्या. वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा. कुजलेली साल चाकूनं निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करा, एकूण पाणी १० लिटर. लोखंडी विळा त्यात क्षणभर बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी आहे. बुंध्याभोवतीच्या मातीत ओतून जिरवण्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक, ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात. पानांवर मात्र यातलं कुठलंच तांब्याचं औषध नको, ती करपतात.

इतर कामं:
- खुंटावरचे फुटवे काढणे
- वाळक्या फांद्या कोरड्या दिवशीच छाटणे
- पिकल्या फळांचा गर धुऊन बिया सावलीत ठेवणे
- कोमेजलेली पानं गुरांपुढे न टाकणे, त्यांत विष असतं

पाजा फुलतो पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा मधमाश्यांना रानात फारसं काही उरत नाही. पेट्या ठेवणाऱ्यांनी बांधावरच्या जुन्या पाज्यांचेही बुंधे बघावेत.

चर खणून झाला तरी पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन बागेत जा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं ते तेव्हाच दिसतं. फावडं सोबत असू द्या.