घरच्या धंद्यात शिरताना: आधी पैशाला नाव द्या

घरच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सगळे एकच विचारतात, "जमेल का तुला?" माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा: तू तिथे कोण म्हणून जाणार? नोकर म्हणून, मालक म्हणून, की घरचं लेकरू म्हणून?

आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना आहे. आजोबांनी काढला, बाबा आणि काकांनी वाढवला, आता मी आणि माझा चुलतभाऊ तिथे काम करतो. तो उत्पादन बघतो, मी विक्री आणि हिशेब. पुढे जे लिहिते आहे ते घरच्या धंद्यात नुकत्याच आलेल्यांसाठी किंवा उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी.

पहिली गोष्ट, शिक्षण संपल्या संपल्या थेट घरी येऊ नका. दोन-तीन वर्षं बाहेर नोकरी करा. कामाची शिस्त लागते वगैरे आहेच, पण त्याहून मोठे दोन फायदे आहेत. एक, आपल्या कामाला बाजारात किती पगार मिळतो हे कळतं. दुसरा, चूक झाल्यावर आपल्याला असा माणूस रागावतो जो आपला बाप नाही. हा अनुभव नसेल तर घरच्या कारखान्यात साहेबाचं बोलणंही बापाचं बोलणं वाटतं आणि पुढे सगळं बिनसतं.

१९७८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये रेनाटो टागियुरी आणि जॉन डेव्हिस या दोघांनी कौटुंबिक व्यवसायासाठी एक साधी आकृती मांडली. एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं: कुटुंब, मालकी आणि धंदा. प्रत्येक माणूस त्यात कुठे ना कुठे बसतो. एका संध्याकाळी कागद घ्या आणि आपल्या घरातली नावं त्यात लिहून बघा. आमच्याकडे बाबा आणि काका तिन्ही वर्तुळांत. आत्याचा हिस्सा आहे पण ती कारखान्यात येत नाही, म्हणजे कुटुंब आणि मालकी. चुलतभाऊ आणि मी कुटुंबातले, कामावरही, पण अजून आमच्या नावावर काही नाही. काकू फक्त कुटुंबात, तरी तिचं सगळं घर या धंद्यावर चालतं. आणि जुने मिस्त्री फक्त धंद्यात. मशीनचा आवाज बदलला की आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं. घरातली अर्धी भांडणं कुठून उगवतात ते या कागदावर दिसतं. आत्या "हिशेब दाखवा" म्हणते तेव्हा ती मालक म्हणून बोलत असते. ऐकणारे मात्र ते बहिणीचं बोलणं समजतात आणि "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणून दुखावले जातात.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

बहुतेक घरच्या धंद्यांत पैसा एकाच डब्यात असतो. ज्याला लागेल तसा तो काढतो, वर्षाअखेरीला हिशेबनीस "उचल" म्हणून लिहून टाकतो. एक पिढी असते तोवर हे खपून जातं. दुसरी पिढी आली, दोन भाऊ झाले, दोन संसार झाले की मनातल्या मनात मोजदाद सुरू होते. कोणी बोलत नाही, पण कोणाकडे नवी गाडी आली हे सगळ्यांच्या लक्षात असतं. तिसरी पिढी आली की मग बोललं जातं, आणि तेही नेमकं नको त्या दिवशी.

उपाय कंटाळवाणा आहे. धंद्यातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रकमेला नाव द्यायचं. कामाचा मोबदला असेल तर पगार. मालकीचा असेल तर नफ्यातला वाटा. घरच्या माणसाने धंद्यात ठेवलेल्या पैशावरचं असेल तर व्याज. धंदा घरच्याच कुणाच्या जागेत असेल तर भाडं. आणि अडचणीला दिलेली रक्कम असेल तर ती मदत आहे की परत करायचं कर्ज, हे त्याच दिवशी लिहायचं. एकाच माणसाला यातलं तीन-चार नावांनी मिळू शकतं, हरकत नाही. नावं एकत्र मिसळायची नाहीत, एवढंच.

मी कामावर आले तेव्हा मला आणि चुलतभावाला अगदी सारखा पगार ठरला. का, तर भावंडांत दुजाभाव नको. ऐकायला छान वाटतं. पण तो दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत मशीनपाशी उभा असायचा आणि माझं काम संध्याकाळी आटपायचं. त्याने तक्रार केली नाही, फक्त गप्प गप्प राहायला लागला. शेवटी काकांच्या डोक्यात प्रकाश पडला की सारखेपणा हा वारशाचा नियम आहे, पगाराचा नाही. मग प्रत्येक कामाला बाहेरून माणूस ठेवला तर किती द्यावं लागेल, तो आकडा काढला आणि तोच पगार केला. त्याचा माझ्यापेक्षा जास्त आला. घरात वादळ होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण झालं उलटंच: तो पुन्हा जेवताना बोलायला लागला.

आत्याचाही प्रश्न असाच सुटला. तिला पूर्वी कधीमधी, कोणाच्या तरी मनात आलं की काहीतरी मिळायचं. आता वर्षातून एकदा सगळे मालक बसतात, ताळेबंद समोर असतो, नफ्यातलं किती वाटायचं आणि किती मशिनरीसाठी राखायचं हे ठरतं. पहिल्या बैठकीत ती फारच थोडं बोलली. दुसऱ्या वेळी तिने येणे बाकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढी उधारी का?" उत्तर कोणाकडेच धड नव्हतं.

(घरी धंद्याचं बोलायचं नाही, असा नियम अनेक जण सांगतात. आमच्याकडे तो टिकला नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. बोला, पण निर्णय मात्र कचेरीतच घ्या.)

अधिकाराचं काय? पद मिळालं म्हणून अधिकार मिळत नाही, आणि घरच्या धंद्यात तर मुळीच नाही. मी एका गिऱ्हाइकाला पाच पदरी खोक्याचा दर दिला. कागदाचं वजन, छपाई, वाहतूक, सगळं धरून. अर्ध्या तासात त्याने बाबांना फोन लावला. हे नेहमीचंच होतं. पोरीने दर दिला की बापाकडून कमी करून घ्यायचा. मी समोरच बसले होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दराचं ती बघते. तिच्याशी बोला." फोन ठेवला. मग उगाचच टेबलावरचा नमुन्याचा पुठ्ठा उचलून बोटांनी चाचपत राहिले, कारण त्या दरात दोन टक्के सोडता आले असते हे त्यांना ठाऊक होतं. ती ऑर्डर हातची गेली. पण त्यानंतर दरासाठी त्यांच्याकडे येणारे फोन हळूहळू थांबले. नव्या माणसाने एवढंच मागून घ्यावं: कामाचं एक छोटं खातं, पूर्ण स्वतःचं, आणि त्यात वरून ढवळाढवळ नाही. मोठं पद आणि अर्धवट मुभा यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्या बदल्यात तुम्हीही मोठ्यांच्या डोक्यातलं उतरवून घ्या. संगणकात गिऱ्हाइकाची बाकी दिसते, स्वभाव दिसत नाही. मी बाबांबरोबर बसून उधारीची यादी वाचायची आणि ते प्रत्येक नावापुढे एक वाक्य सांगायचे. "हा वर्षअखेरीला देतो, मध्ये कितीही फोन कर." "याचा भाऊ सांगेल तेव्हाच चेक निघतो." "याला माल द्यायचा, उधार नाही." ही वाक्यं मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत. सॉफ्टवेअर बदलणं हे त्याच्या नंतरचं काम, पण नवी पिढी नेमकी तिथूनच सुरुवात करते.

दुसऱ्या पिढीपर्यंत तीसच टक्के धंदे टिकतात, तिसऱ्यापर्यंत तेरा, हे आकडे तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. त्यांचं मूळ जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या अभ्यासात आहे, आणि तो अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कारखान्यांपुरता होता. त्यात चांगल्या किमतीला विकलेला धंदाही "टिकला नाही" असाच धरला गेला. म्हणून घाबरून जाऊ नका. दुसऱ्या टोकाला जपानची देवळं बांधणारी कोंगो गुमी ही कंपनी. परंपरेने तिची स्थापना ५७८ सालची मानतात. तिथे थोरला मुलगाच गादीवर बसेल असं नव्हतं. मुलगा लायक नसेल तर जावयाला घराण्याचं नाव देऊन त्याच्याकडे कारभार सोपवला जाई. एवढं करूनही २००६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, आणि त्याला जमीनजुमल्यातल्या गुंतवणुकीचं कर्ज मोठं कारण होतं. वारस नीट निवडला तरी ताळेबंद माफ करत नाही.

मोठी माणसं बाजूला का होत नाहीत, यावर नवी पिढी फार चिडते. त्यांचा घरखर्च कुठून चालतो ते आधी बघा. सगळी कमाई धंद्यातच घातलेला माणूस निवृत्त झाला तर दर महिन्याला मुलीकडे हात पसरणार का? त्यांच्या नावावर भाडं किंवा व्याज असं स्वतःचं ठरलेलं उत्पन्न असू द्या. बाबा आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत यायला लागले ते माझ्या कर्तबगारीमुळे नाही, भाडेकरार झाल्यावर.

भागीदार म्हणून सही करायच्या आधी कर्जाची यादी मागा. साध्या भागीदारीत धंद्याचं देणं तुमच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकतं, आणि बँकेला दिलेली वैयक्तिक हमी ही घरच्या प्रेमाने सुटत नाही. नातेवाइकांच्या ठेवी, चालू असलेले खटले, थकलेला कर, सगळं विचारा. घरात विचारायला संकोच वाटत असेल तर हिशेबनिसाला घेऊन बसा, म्हणजे प्रश्न त्याच्या तोंडून जातात.

आणि बाहेर पडायचं सूत्र, म्हणजे कोणाला हिस्सा विकायचा झाला तर किंमत कोण आणि कशी ठरवणार, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, बाहेरच्याला विकता येईल का, भागीदाराचं निधन झालं तर काय, हे कोणालाच बाहेर पडायचं नसतं तेव्हा लिहायचं. एकरकमी पैसे द्यायचे ठरलं तर जाणारा सुखी होतो आणि धंद्याचं खेळतं भांडवल संपतं. आमच्या करारात हप्ते आहेत आणि किंमत बाहेरच्या मूल्यांकनकाराने काढायची आहे. चुलतभावाला आणि मला हिस्सा कधी आणि किती, हे मात्र अजून ठरायचं आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला विषय आहे, आत्याने घातलेला.