बायपासनंतर मनगटावर काय कोरून घ्यायचं

माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडायचं ऑपरेशन, २०१९ साली झालं. घरच्या चार माणसांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. वजन कसं उतरलं असं कुणी विचारलं, की मी "जेवण कमी केलं" म्हणायचे. दोन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचे डबे काढताना स्टुलावरून पडले. घोटा सुजला, डोक्यालाही मार बसला. जाऊबाईंनी जवळच्या दवाखान्यात नेलं आणि त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं, "यांचं बायपास झालंय." डॉक्टरांनी हृदयाचंच धरलं. ईसीजी काढला, तो ठीक आला. मग घोट्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. मी गुंगीत होते, चिठ्ठी वाचलीच नाही. आठव्या दिवशी शी डांबरासारखी काळी झाली. माझ्या सर्जननी दुर्बीण घालून पाहिलं, तर जठराची पिशवी आतड्याला जिथे जोडली आहे तिथेच व्रण, म्हणजे अल्सर.

त्यानंतर मी मनगटावर डॉक्टरांसाठी सूचना कोरलेली स्टीलची पट्टी घालायला लागले. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर तुम्हीही घाला, अगदी मनापासून सांगते.

पट्टीवर आपला इतिहास लिहायचा नसतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आपल्याला पहिल्यांदाच बघणाऱ्या डॉक्टरला काय करू नये, तेवढंच सांगायचं. माझ्या पट्टीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत चार ओळी आहेत: "गॅस्ट्रिक बायपास २०१९", "नो एनएसएआयडी", "नो ब्लाइंड राइल्स ट्यूब" आणि शेवटी यांचा मोबाइल नंबर. नुसतं "बायपास" कधीही लिहू नका. आपल्याकडे त्याचा एकच अर्थ घेतला जातो.

एनएसएआयडी म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नाप्रोक्सेन अशी दुखण्यावरची औषधं, ज्यांच्यामुळे बायपासनंतर माझ्यासारखा अल्सर होऊ शकतो. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतं, आणि ती तर कुणाच्याही पर्समध्ये सापडते. इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं असंही नाही, औषध रक्तातून तिथे पोचतंच. दुखण्याला मी पॅरासिटामॉल घेते. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, सर्जनना विचारा.

राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात घालायची नळी. बायपासनंतर जठराचा कप्पा उरतो साधारण ३० मिलिलीटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे. तिथे नळी अंदाजाने सरकवली तर जोड फाटू शकतो. ती बघत बघतच घालावी लागते. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन झालेल्यांनी "स्लीव्ह" असं स्पष्ट लिहावं आणि बाकीच्या ओळी आपल्या सर्जनकडून ठरवून घ्याव्यात. माझ्या ओळी जशाच्या तशा उतरवू नका.

पट्टी ऑनलाइन मिळते. मी साधी स्टीलची पट्टी आणि साखळी घेतली आणि तुळशीबागेत भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांकडे गेले. आधी एका चमच्यावर कोरून दाखवायला सांगितलं. यंत्राचं पेन थरथरत ठिपक्याठिपक्यांनी अक्षर काढतं, त्यामुळे बारीक लिहिलं तर ६ आणि ८ सारखेच दिसतात. चमच्यावरचा नंबर मला चष्म्याशिवाय वाचता येईना. मग काकांनी एक ओळ कमी केली, अक्षर मोठं केलं. तो चमचा मी अजून जपून ठेवलाय.

वरच्या बाजूला लाल वैद्यकीय चिन्ह हवं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ही पट्टी उलटून वाचायची. मजकूर आतल्या बाजूला घेतला तर लग्नकार्यात कुणी वाचत बसत नाही. ज्यांना सगळ्यांना सांगायचं नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. मंगळसूत्रात अडकवू नका, पदराखाली जातं. बांगड्यांतही हरवतं. मी डाव्या हाताला घड्याळाशेजारी घालते. साखळी मात्र कड्या काढता येतील अशी घ्या. पहिल्या वर्षात मनगटही बारीक होतं, आणि माझी पहिली पट्टी भांडी घासताना निसटून गेली होती.

बाकीचं कार्डावर. पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे ठेवा. त्यात ऑपरेशनचं पूर्ण नाव, सर्जनचा नंबर, चालू औषधं आणि ही दोन वाक्यं: सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं, पोटात कळ येत असेल तर आतडं अडकल्याची शक्यता आधी तपासावी, ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी. मधुमेहाची औषधं बंद किंवा कमी झाली असतील तर जुनं कार्ड त्याच दिवशी फाडा. फोनच्या इमर्जन्सी माहितीतही हेच भरा आणि लॉक न उघडता दिसतंय का ते दुसऱ्याच्या हातात देऊन बघा.

आणि बरोबर येणाऱ्या माणसाला तयार करा. जाऊबाईंना मी जवळ बसवून सगळं सांगितलं. त्या रडल्या, म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस. आता त्यांना वाक्य पाठ आहे: "पोटाचं बायपास झालंय, हृदयाचं नाही. दुखण्याची गोळी द्यायच्या आधी हातातली पट्टी बघा."