बॅमफोर्ड पाठ होतं, तरी लॅक्स लिहून बसलो

टॅक्स, पॅक्स, लॅक्स, पॉक्स: पक्षाघाताच्या झटक्याचे बॅमफोर्डने पाडलेले चार गट. पहिल्या दोनांत कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा थर, कमीजास्त सापडतो; लॅक्स म्हणजे खोलातला छोटा झटका, पॉक्स मेंदूच्या मागच्या भागाचा. ऑक्सफर्डच्या 543 इन्फार्क्टच्या (रक्तपुरवठा अडून मेंदूचा भाग मेलेल्या) रुग्णांवर बेतलेलं, 1991 साली लॅन्सेटमध्ये आलेलं हे वर्गीकरण तुम्हाला येत असणारच. मी कुठे आपटलो तेवढंच सांगतो.

नाईटला एक आजी आल्या, झटक्याला बारा तास उलटलेले. डावा हात, पाय, चेहरा, तिन्ही ढिले. बोलणं मात्र खणखणीत. नाव, गाव, वार बरोबर. सीटीत रक्तस्राव नाही. भाषा शाबूत म्हणजे कॉर्टेक्स शाबूत, असं धरून मी लॅक्स लिहिलं आणि कॅरॉटिड डॉप्लर (मानेतल्या धमनीची सोनोग्राफी) 'सवडीने' ठेवलं. सकाळी सून म्हणाली, "डॉक्टर, आईंनी पोहे उजवीकडचेच खाल्ले, डावीकडचे तसेच."

राउंडला सरांनी आजींचा डावा हात उचलून विचारलं, "हा कोणाचा?"

"सुनेचा असेल."

माझे कान तापले.

झटका मेंदूच्या उजव्या गोलार्धात असला तर रुग्णाची डावी बाजू जाते, पण भाषा बहुधा डाव्या गोलार्धात, म्हणून तो गप्पा मारतो आणि आपण फसतो. निग्लेक्ट, म्हणजे एका बाजूचं भानच नसणं, तो स्वतः सांगत नाही, शोधावं लागतं. हातांना आळीपाळीने स्पर्श करा, दोन्ही कळतील. मग एकदम करा, डावा स्पर्श निसटतो. कागदावर आडवी रेघ मारून मध्य विचारा, खूण उजवीकडे सरकते. डाव्या बाजूला उभं राहून हाक मारा, उजवीकडेच बघत उत्तर देतात. दोन मिनिटांचं काम, मी केलं नव्हतं. दृष्टिक्षेत्र ठीक होतं, म्हणजे तीनपैकी (अंगाची कमजोरी, दृष्टिक्षेत्र, आणि भाषा किंवा निग्लेक्टसारखं कॉर्टेक्सचं काम) दोन बिघडलेली: पॅक्स. त्यात लवकर दुसरा झटका यायची भीती मोठी, तिथे डॉप्लरला सवड कसली? उजवी कॅरॉटिड चांगलीच अरुंद निघाली. मधल्या तासांत काही झालं नाही, हे नशीब.

मोबाईलवर टिका मारून गट काढणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्ही न तपासलेलं ॲपला कसं कळणार? त्यापेक्षा खाटेपाशी उभं करणारा एक खडूस सर बरा.

घाबरू मात्र नका. नीट तपासून लिहिलेलं लॅक्ससुद्धा एमआरआयवर कधी कधी कॉर्टिकल निघतं, मुरलेल्यांचंही.

आणखी दोन गोष्टी. नुसतं होमोनिमस हेमिॲनोपिया (दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं न दिसणं) असेल तर पॉक्स, पॅक्स नव्हे. रुग्ण ग्लानीत असेल आणि भाषा तपासता येत नसेल, तर ती बिघडलेली धरा. रिकामी जागा म्हणजे नॉर्मल नव्हे. माझ्या केसपेपरवर तशा रिकाम्या जागा बऱ्याच असायच्या.