पाण्यातलं फिनॉल मोजायला शिकताना

जळगाव-धुळ्याकडून रसायनशास्त्रात एमएस्सी करून पाणी तपासणीच्या लॅबमध्ये येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला फक्त ब्लँक, म्हणजे फिनॉल नसलेल्या शुद्ध पाण्याची तुलनेसाठीची चाचणी, करायला लावते. "मॅडम, सॅम्पल कधी?" असं ती विचारतात. पण इतक्या सूक्ष्म मोजणीत निकाल खरा की खोटा, ते ब्लँकच ठरवतो.

आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गीय संयुगं लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत चालतात, म्हणजे एक मायक्रोग्रॅम. मर्यादा एवढी कडक, कारण क्लोरीन टाकल्यावर त्यांची क्लोरोफिनॉल होतात आणि पाण्याला औषधासारखा वास मारतो.

पद्धत जुनीच आहे. सॅम्पल आधी डिस्टिल करायचं, पीएच ७.९ च्या आसपास आणायचा, ४-अमिनोअँटिपायरीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घालायचं. फिनॉल असेल तर रंग येतो. प्रमाण जास्त असेल तर तो थेट पाण्यातच ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला वाचता येतो. मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मात्र अर्धा लिटर पाण्यातला रंग थोड्याशा क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेऊन ४६० ला वाचावा लागतो. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच. ब्लँकही डिस्टिलेशनपासून याच सगळ्या वाटेनं न्यायचा. नुसतं पाणी क्युव्हेटमध्ये, म्हणजे रंग वाचायच्या छोट्या नळीत, ओतलं म्हणजे ब्लँक झाला नाही. तो चढा आला तर आधी बाटल्यांची झाकणं बघा. बेकेलाइट हे फिनॉलपासूनच बनतं.

आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. फिनॉल ४१ अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा त्याच्याही वर जातो. एसी नसलेल्या स्टोअरमध्ये बाटलीतले खडे पातळ झालेले दिसतील. घाबरू नका, पण हातमोज्यांशिवाय त्या बाटलीला हात लावू नका. फिनॉल कातडी भाजतं आणि जागा बधिर करतं, त्यामुळे भाजलेलं लगेच कळत नाही. खडे गुलाबी पडले असतील तर त्यांचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं ठरावीक प्रमाणाचं द्रावण, करू नका.

सॅम्पलचंही तसंच. जंतू फिनॉल खाऊन टाकतात, म्हणून काचेच्या बाटलीत घेऊन तिथल्या तिथे आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि बर्फाच्या पेटीतून आणायचं. चाळीसगावहून दुपारच्या एसटीत मांडीवर आणलेली बाटली मी घेत नाही.

रिपोर्टवर 'फिनॉल म्हणून' हे शब्द लिहायला विसरू नका, म्हणजे सगळा रंग फिनॉलचाच धरून आकडा काढला हे कळतं. पॅरा-क्रेसॉलसारखी काही संयुगं या पद्धतीत रंगच देत नाहीत, त्यामुळे आलेला आकडा कमीत कमी इतकं आहे एवढंच सांगतो.