परतीच्या भोरड्या शहरात कशा पाहाव्यात

पाहुणे पक्षी बघायला लोक डिसेंबरात बाहेर पडतात आणि होळीपर्यंत दुर्बीण कपाटात जाते. खरी गंमत तेव्हाच सुरू होते. मध्य आशियाकडे परतण्याआधी भोरड्या, म्हणजे पळसमैना, पुण्या-मुंबईत फुलांवर तुटून पडतात. मार्चअखेरपर्यंत त्या हमखास भेटतात, एप्रिलमध्ये झपाट्याने कमी होतात.

पक्षी नको, झाड शोधा. काटेसावर, पळस किंवा पांगारा. पानं गळलेला आणि निम्म्याहून जास्त फुललेला. रस्त्याच्या कडेला, कॉलेजच्या आवारात, टेकडीच्या पायथ्याशी असे दोन-तीन हेरून ठेवा, कारण एकाचा बहर ओसरला की थवा दुसरीकडे जातो. फुलं संपल्यावर पिकलेले वड, पिंपळ, उंबर पाहा.

सकाळी पावणेसात ते साडेआठ ही वेळ उत्तम. झाडाच्या पूर्वेला, २०-२५ मीटरांवर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी राहील. उन्हाकडे तोंड केलं तर गुलाबी रंग मरतो आणि सगळं काळं दिसतं. अगदी झाडाखाली गेलात तर मान दुखेल आणि नुसती पोटं दिसतील. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीच्या दुर्बिणीत हात जास्त हलल्यासारखा दिसतो, आणि हा पक्षी एका फुलावर टिकत नाही.

डोकं, पंख, शेपटी काळी, डोक्यावर तुरा, बाकी अंग गुलाबी. हिवाळ्यात पिसांची टोकं मळकट असतात. ती झिजली की रंग उजळतो. म्हणून मार्चमधला नर नवाच पक्षी वाटतो. थव्यात मातकट अंगाचे, पिवळट चोचीचे पक्षी दिसले तर ती याच जातीची पिल्लं. फसवते ती भांगपाडी मैना: काळी टोपी, बदामी पोट, पण ती इथलीच, बारमाही.

मोजताना १० पक्षी नीट मोजा, तेवढा ठोकळा नजरेत धरा आणि थव्यात असे किती बसतात ते पाहा. थवा उडाला तर फोटो काढून घरी मोजा. रातथारा, म्हणजे थव्यांची रात्रीच्या मुक्कामाची जागा, शोधायचा असेल तर सूर्यास्ताआधी अर्धा तास थवे कुठल्या दिशेला जातात ते बघा.

झाडाखालच्या झुडपातून ‘चक्, चक्’ ऐकू आलं तर तो बहुधा ब्लिथचा वटवट्या, झुडपात लपणारा छोटा पाहुणा पक्षी. दिसेल अशी आशा ठेवू नका.

भोरड्यांखेरीज परतीचे किनारी पक्षीही पाहायचे तर मुंबईकरांनी एखादी सकाळ ठाणे खाडीला द्यावी. ओहोटीला हे पक्षी दूर चिखलात असतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचा, पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. एप्रिलमध्ये त्यांच्यातले कर्ल्यू सँडपायपर हे छोटे पक्षी विणीच्या विटकरी रंगात आलेले असतात.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा: किती मिनिटं, किती अंतर, किती पक्षी. एकही दिसला नाही तरी यादी भरा. शेवटची भोरडी ९ एप्रिलला दिसली असं म्हणायचं, तर १२ आणि १६ तारखेलाही त्याच झाडापाशी जाऊन यायला हवं.