तळ्यावर रात्रीच्या मुक्कामाला येणारे पक्षी बघायचे कसे (अथणी-चिकोडी भागासाठी)

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळा जवळ आला की पाणी उरतं ते मोजक्या तळ्यांत, त्यामुळं आजूबाजूचे सगळे बगळे, पाणकावळे रात्रीला तिथंच गोळा होतात. राजस्थानात खीचनला हिवाळ्यात कांड्या करकोचे जमतात ते मात्र मुख्यतः गावकरी दाणे घालतात म्हणून.

आधी तळं निवडा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर फारसं काही मिळत नाही, उथळ काठ नाही, झाड नाही, आणि कडेला पाय घसरला तर वर येता येत नाही, म्हणून लहान पोरांना तिथं नेऊच नका. जुनं मातीचं गावतळं बघा ज्यात पाणकणीस आहे नाहीतर काठाला बाभळी आहेत. दुपारी एक चक्कर मारा, ज्या झाडाची पानं आणि खालची जमीन विष्ठेनं पांढरी झालीय तेच मुक्कामाचं झाड. गावात कानडी बोलणारे असतील तर बेळ्ळक्की (म्हणजे बगळे) रात्री कुठं बसतात एवढं विचारा, गुराखी लगेच हात करून दाखवतात.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य साधारण सहा-सव्वासहाला मावळतो, तुम्ही पाचला जागेवर पाहिजे. पश्चिमेच्या काठाला बसा म्हणजे ऊन पाठीमागून येतं आणि रंग नीट दिसतात. झाडापासून भरपूर लांब. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी मजा कमी होत नाही.

पहिल्यांदा बहुतेक पाणकावळे येतात. त्यांचे पंख पाण्यानं भिजतात म्हणून ते आधी उघड्या फांदीवर पंख पसरून बसतात, वाळले की मग आत सरकतात. मग बगळ्यांच्या रांगा सुरू होतात. बगळा लहान आणि चोच आखूड, पिवळी असेल तर गायबगळा (मोठ्या बगळ्यांचीही चोच पिवळी असू शकते), काळी चोच काळे पाय आणि बोटं पिवळी असतील तर छोटा बगळा. यांची जागेवरून भांडणं बघाच बघा, एसटीत सीट धरल्यासारखं एक जण फांदी धरून बसलेला असतो, दुसरा वरून उतरतो, पहिला मान ताणून घशातून ओरडतो आणि नवा आलेला खालच्या फांदीवर जातो, अंधार पडेपर्यंत हेच चालू. आणि हे सगळे आत शिरत असतानाच रातबगळे वॉक वॉक करत बाहेर पडतात, त्यांची ड्यूटी आता सुरू होते ना.

मोजायचं असेल तर झाडावर बसलेले मोजू नका, पानाआड निम्मे दिसत नाहीत. हवेतून येणारी रांग दहा-दहाच्या गटानं मोजा आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहा. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, पण ती दिवसाची मोजणी, म्हणून संध्याकाळचा आकडा वेगळाच लिहून ठेवा आणि ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) टाका. सराव करायला गोकाक तालुक्यात धुपदाळजवळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य चांगलं आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, फ्लॅश मारू नका, टाळ्या वाजवून थवा उडवू नका, रीलसाठी तर अजिबात नको. अंधारात उठवलेला बगळा विजेच्या तारेवर आदळू शकतो, आणि रोज त्रास झाला तर पक्षी ते झाड सोडून देतात. शेत कुणाचं असेल तर आधी विचारून जा, आणि परत निघताना बॅटरी खाली जमिनीवरच धरा.