असीलचा क्रॉस: गावरान कोंबडीला मांस कसं आणायचं

"असीलचा, म्हणजे झुंजीच्या जातीचा, कोंबडा माद्यांत सोडा, पिल्लं आपोआप मोठी होतात" हा सल्ला कुठंही गेलात तरी मिळतो. मोठी होतात म्हणजे उंच होतात. लांब तंगड्यांचा कोंबडा अंगणात रुबाबदार दिसतो, पण कापला की ताटात हाडंच जास्त.

खुराडं, ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची जागा), खाद्य हे तुम्हाला जमतंय असं धरतो. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्याला आर-टू-बी, या दोन्ही लशी मानमोडीवरच्या (राणीखेत रोग), ती आली की क्रॉसबिस सगळं संपलं.

जोडी लावताना नर असीलचा घ्या आणि माद्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जात) किंवा वजनदार गावरान. उलटं करू नका, असीलची मादी वर्षाला जेमतेम 40 अंडी देते, त्यात सारखी खुडूक (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते), मग पिल्लं काढणार किती? एका नराला पाच-सहा माद्या पुरे. जुना कोंबडा काढल्यावर 3 आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, खाऊन टाका, कारण त्याचं बीज मादीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. पुढं पिल्लांचे तुरे बघा. असील शुद्ध असेल तर तुरा बारीक, डोक्याला चिकटलेला येतो. उभा करवतीसारखा आला तर एकतर शेजारचा कोंबडा येऊन गेलाय नाहीतर तुम्हाला असील म्हणून भलतंच काहीतरी विकलंय.

उबवणी खुडूक कोंबडीखाली करा किंवा मशीनमध्ये, 21 दिवस.

आता निवड. सगळे इथंच गंडतात, मलाही हे हाताला बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पिल्लू एक दिवसाचं असतानाच बोटांमधल्या पडद्याला भोक पाडून खूण करा, नाहीतर दोन महिन्यांनी कोण कुणाचं काही कळत नाही. 8 आणि 12 आठवड्यांना वजन करा, सकाळी, खाद्य टाकायच्या आधी, पोटात दाणा असला की काटा खोटं बोलतो. तुलना एकाच लॉटमधली आणि नराची नराशीच. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, पक्षी हातात घेऊन छातीचं हाड चाचपा. हाड सुरीसारखं टोचत असेल तर वजन कितीही असो, तो बाद. दोन्ही बाजूंनी मांस भरून हाड आत दबलेलं लागलं पाहिजे, आणि समोरून बघितलं तर पायांत चांगलं अंतर हवं.

आणि असा पक्षी विकायचा नाही! बाराव्या आठवड्यात गिऱ्हाईक नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतं, दोन पैसे जास्त देतो म्हणतं, आपण देऊन टाकतो आणि मग उरलेल्या मरतुकड्यांची जोडी लावून म्हणतो की क्रॉसमध्ये दम नाही. पहिल्या पिढीत पिल्लं बरीचशी सारखी दिसतात, ती आपापसात लावली की दुसऱ्या पिढीत सगळं फुटतं, एक ताडमाड, एक बुटकं, एक आजीवर गेलेलं. घाबरू नका, ते तसंच होणार. तेव्हाच जास्तीत जास्त पिल्लं काढा आणि दहा नरांतला एकच ठेवा, माद्यांना थोडी सूट दिली तरी चालते. सख्खी भावंडं लावू नका, दोन वेगळे गट ठेवून एकातला नर दुसऱ्यात टाका. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या लोकांनी असीलचा क्रॉस करूनच कॉर्निश ही मांसाची जात काढली, आजच्या ब्रॉयलरच्या बापाकडचं रक्त ते, पण त्यालाही पिढ्यान् पिढ्या निवड लागलीच.

ब्रॉयलरचा नर टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मोकळं खाद्य मिळालं की तो जोडीला लावायच्या वयाचा होईपर्यंतच पायांनी बसतो.

चार महिन्यांच्या आसपास नर झुंजायला लागतात, वेगळे करा. ऊठसूट माद्यांच्याही अंगावर जाणारा कितीही भरलेला असला तरी रश्श्यातच घाला, ती खोड पिल्लांत उतरते. बाकीचे तेव्हाच काढायला घ्या आणि विकताना नगावर देऊ नका, किलोवर द्या.